मेंदूतील लिंगभेद व सामाजिक वर्तन

मेंदूतील लिंगभेद व सामाजिक वर्तन : प्रणयाराधन, मीलन, जोडीदाराची निवड, पिलांचे संगोपन, आक्रमण इ. सामाजिक वर्तनप्रकारांचे नियंत्रण मेंदूतील विशिष्ट तंत्रिकामार्गांद्वारे होते. या मार्गांत नर व मादी यांच्यात आढळणाऱ्या फरकांच्या अभ्यासाचा इतिहास प्रस्तुत नोंदीत दिला आहे.

एकोणिसाव्या शतकात या विषयाची चर्चा मुख्यतः मेंदूच्या वजनाभोवती फिरत होती. फ्रेंच शस्त्रक्रियाविशारद व मानवशास्त्रज्ञ पॉल ब्रॉका यांनी शवविच्छेदनांच्या नोंदींवरून पुरुषांच्या मेंदूचे सरासरी वजन १,३२५ ग्रॅ. व स्त्रियांच्या मेंदूचे १,१४४ ग्रॅ. असल्याचे दाखविले (१८६१). शरीराच्या आकारमानाचा यात वाटा आहे, हे मान्य करूनही उरलेला फरक स्त्रियांच्या बौद्धिक न्यूनतेचा द्योतक आहे, असे त्यांनी गृहीत धरले. हा निष्कर्ष मोजमापातून निघालेला नव्हता. तो आधीच मनात होता. अशा युक्तिवादांचा आधार पुढे स्त्रियांच्या उच्च शिक्षणाला विरोध करण्यासाठी घेतला गेला. हेलन टॉम्पसन यांनी शिकागो विद्यापीठात स्त्री-पुरुष विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या, तेव्हा मानसिक क्षमतांतील फरक अल्प असून त्यांचे स्पष्टीकरण बहुतांशी भिन्न संगोपनात शोधावे लागते, असे त्यांना आढळले (१९०३).

प्रयोगाधिष्ठित संशोधनाचा प्रवाह याहून वेगळा आहे. जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक आर्नोल्ट बेर्टहोल्ट यांनी गटिंगेन येथे काही कोंबड्यांची वृषणे काढून टाकली. त्यांचे आरवणे, झुंजणे व कोंबड्यांमागे लागणे थांबले. परंतु ज्यांच्या उदरपोकळीत वृषण पुन्हा बसविले, त्यांचे वर्तन नेहमीसारखे राहिले. वृषणाचा पूर्वीचा तंत्रिकासंबंध तुटलेला असल्याने हा परिणाम रक्तावाटे होत असला पाहिजे, असे त्यांनी अनुमान केले (१८४९).

हॉर्मोने प्रौढपणी वर्तनाला केवळ चालना देतात की मेंदूची घडणही ठरवितात, या प्रश्नाला १९५९ मध्ये उत्तर मिळाले. कॅनझस विद्यापीठातील चार्ल्स फीनिक्स, रॉबर्ट गॉय, आर्नल्ड गेराल व विल्यम यंग यांनी गाभण गिनीपिगांना टेस्टोस्टेरोन दिले. त्यांच्या मादी पिलांत प्रौढपणी मादीचे मीलनवर्तन कमी झाले व नराचे वाढले. प्रौढ मादीला हेच हॉर्मोन दिल्यास असा कायमचा बदल होत नाही. पुढील संशोधनात असेही दिसून आले की, उंदरासारख्या कृंतकांत टेस्टोस्टेरोनाचे मेंदूत इस्ट्रॅडिऑल या स्त्रीमदजनात रूपांतर होते व नराच्या मेंदूची घडण बऱ्याच अंशी त्यामुळेच होते. ‘पुरुषी’ व ‘स्त्रैण’ हॉर्मोने हे रूढ वर्गीकरण त्यामुळे अपुरे ठरले.

रचनात्मक पुरावा यानंतर मिळाला. जॉफ्री रेझमन व पॉलिन फील्ड यांनी उंदरांच्या मेंदूत अधोथॅलॅमसालगतच्या भागातील तंत्रिका कोशिकांच्या जोडण्यांत लिंगभेद दाखविला (१९७१). फेर्नांदो नॉटेबोम व आर्थर आर्नल्ड यांना कॅनरी व झेब्रा फिंच या पक्ष्यांच्या मेंदूतील गायनकेंद्रे नरांत पुष्कळच मोठी असल्याचे आढळले (१९७६). झेब्रा फिंचची मादी गात नाही. रॉजर गोर्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूतील असाच एक कोशिकासमूह नरात मादीपेक्षा कित्येक पट मोठा असल्याचे दाखविले (१९७८).

तथापि रचनेतील फरक म्हणजे वर्तनातील फरक, हे समीकरण टिकले नाही. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील प्रेअरी व्होल हा उंदरासारखा प्राणी जोडीने राहतो व नरही पिलांची काळजी घेतो. मादीत गर्भारपण व प्रसूती यांच्या हॉर्मोनांमुळे संगोपनाची पूर्वतयारी होते. नराला ती मिळत नाही. त्याच्या मेंदूत व्हॅसोप्रेसीन हे द्रव्य विशिष्ट ठिकाणी टोचल्यास पितृवर्तन वाढते (१९९४). यावरून खेर्ट डी फ्रीस यांनी असे प्रतिपादन केले की, मेंदूतील काही लिंगभेद वर्तनात भेद निर्माण करण्यासाठी नसून ते सारखे राखण्यासाठी असतात. कॅथरिन द्यूलाक यांच्या प्रयोगशाळेत, गंधसंकेत ओळखणारी एक यंत्रणा निकामी केलेल्या मादी उंदरांनी नरासारखे मीलनवर्तन केले (२००७). पिलांच्या संगोपनाशी निगडित कोशिका उत्तेजित केल्यावर, एरवी पिलांवर हल्ला करणारे नर ते सोडून पिलांना चाटू लागले (२०१४). म्हणजे दोन्ही प्रकारच्या वर्तनांचे मार्ग दोन्ही लिंगांत असतात. कोणता मार्ग खुला राहतो, एवढाच प्रश्न असतो.

मानवाबाबत निष्कर्ष अधिक जपून काढावे लागतात. मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणाऱ्या तंतुपट्ट्याच्या आकारात लिंगभेद असल्याचा १९८२ मधील दावा गाजला. परंतु १९९७ मध्ये ४९ अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात त्याला आधार मिळाला नाही. डाफ्ना जोएल व सहकाऱ्यांनी १,४०० हून अधिक मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या. बहुतेक मेंदूंत स्त्रियांत अधिक आढळणारी व पुरुषांत अधिक आढळणारी वैशिष्ट्ये मिसळलेली दिसली (२०१५). अनेक वैशिष्ट्ये एकत्र घेतल्यास मेंदूवरून लिंगाचा अंदाज बऱ्याच अचूकपणे करता येतो, हे टीकाकारांनी दाखविले. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. मात्र त्यांपैकी कोणत्याही विधानावरून व्यक्तीची योग्यता ठरत नाही.

या संशोधनातील एक उणीव दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. तंत्रिकाविज्ञानात केवळ नर प्राण्यांवरील अभ्यास केवळ माद्यांवरील अभ्यासांच्या साडेपाच पट असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी आपल्या अनुदानित संशोधनात लिंग हा घटक विचारात घेणे अपेक्षित असल्याचे धोरण अंमलात आणले (२०१६). ब्रॉका यांनी वजनावरून स्त्रियांविषयी निर्णय दिला. त्यांच्यानंतरच्या अनेकांनी मादीचा मेंदू न पाहताच मेंदूविषयी निर्णय दिला. दोन्ही चुका पूर्वग्रहातूनच उद्‌भवल्या.