झेल : निवाड्याचे पेच (क्रिकेट)

चेंडू जमिनीला टेकण्यापूर्वी क्षेत्ररक्षकाने पकडला की फलंदाज बाद. नियम इतका सोपा, पण भांडणे याच्यावरच अधिक होतात. नियम क्र. ३३ नुसार चेंडू क्षेत्ररक्षकाच्या अंगाला प्रथम लागतो तेव्हा झेलाची क्रिया सुरू होते आणि चेंडूवर व स्वतःच्या हालचालीवर पूर्ण ताबा आल्यावरच ती संपते. सूर मारून पडताना चेंडू निसटला, तर तो झेल नव्हे. बोटे चेंडूखाली होती का, हा खरा पेच. त्यासाठी तिसऱ्या पंचांकडे विचारण्याआधी मैदानी पंचांनी कौल द्यावा, ही आंतरराष्ट्रीय सामन्यांतील पद्धत जून २०२३ पासून बंद झाली; बरेच झाले, कारण तो बहुधा अंदाजच असे.

पुण्यातील कोथरूडसारख्या उपनगरात सोसायटीच्या पार्किंगमध्ये पंचच नसतो. तेथे ‘एक टप्पा, एक हात’ बाद धरतात. भिंतीला किंवा गॅलरीला लागून आलेल्या चेंडूचे काय, हे डाव सुरू होण्यापूर्वी ठरते. गुलमोहराच्या फांदीवरून खाली आलेला चेंडू पकडला की हमखास वाद. अधिकृत नियम येथे स्पष्ट आहे : मैदानाच्या आतील झाड आधी सीमा म्हणून ठरवलेले नसेल, तर तो झेल ग्राह्य.

झेलबाद झाल्यावर फलंदाजांनी एकमेकांना ओलांडले असले, तरी ऑक्टोबर २०२२ पासून नवा फलंदाजच पुढचा चेंडू खेळतो. षटक संपले असल्यास मात्र नाही.