स्वयंऔषधोपचार : विद्यापीठीय विद्यार्थ्यांमधील

डॉक्टरांचा सल्ला न घेता, लक्षणांवरून स्वतःच निदान करून औषध घेणे म्हणजे स्वयंऔषधोपचार. जुन्या चिठ्ठीवर पुन्हा औषध आणणे, घरात उरलेल्या गोळ्या वापरणे, मित्राला लागू पडलेले औषध घेणे आणि सांगितलेली मात्रा परस्पर बदलणे हेही त्यातच मोडते. किरकोळ दुखण्यावर योग्य औषध योग्य मात्रेत घेणे ‘जबाबदार स्वयंऔषधोपचार’ असून जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची उपयुक्तता मान्य केली आहे.

कारणे व सवयी : भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांत झालेल्या अनेक पाहण्यांत निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी अशी औषधे घेतल्याचे सांगितले आहे. वसतिगृहातील वास्तव्य, तपासणी फी, परीक्षेचे दिवस आणि ‘एवढ्यासाठी डॉक्टर कशाला’ ही भावना ही त्यामागची नेहमीची कारणे. डोकेदुखी, सर्दी-ताप, आम्लपित्त, जुलाब व पाळीतील पोटदुखी यांवर पॅरासिटामॉल, सेटिरिझीन, पँटोप्राझोल, मेफेनॅमिक आम्ल इ. औषधे घेतली जातात. सल्ला मिळतो तो मेडिकलवाला, सीनियर, घरची मंडळी किंवा इंटरनेट यांच्याकडून.

ज्ञान व उणिवा : विद्यार्थ्यांना औषधाचे व्यापारी नाव ठाऊक असते, पण घटकद्रव्य, कमाल मात्रा आणि इतर औषधांशी होणारी आंतरक्रिया यांची माहिती तोकडी असते. तापासाठी ६५० मिग्रॅ.ची पॅरासिटामॉलची गोळी दिवसातून चारदा घेतली, तर २,६०० मिग्रॅ. होतात. जोडीला सर्दीची गोळी तीनदा घेतली आणि तिच्यातही ५०० मिग्रॅ. पॅरासिटामॉल असले, तर बेरीज ४,१०० मिग्रॅ. होते. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४,००० मिग्रॅ. आहे; ती ओलांडत राहिल्यास यकृताला इजा होऊ शकते. वैद्यकीय व औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे शिकवले जाते, तरी त्यांच्यातही ही सवय कमी आढळत नाही. कारण ज्ञानाबरोबर आत्मविश्वासही वाढतो.

प्रतिजैविके : सर्दी बहुधा विषाणुजन्य असते व तिच्यावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही, तरीही अ‍ॅझिथ्रोमायसीनसारखी औषधे परस्पर घेतली जातात आणि बरे वाटताच थांबवली जातात. अशा अनावश्यक वापराने प्रतिरोधी जिवाणूंना वाव मिळतो. अपुऱ्या मात्रेतील पेनिसिलिनच्या या धोक्याचा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मधील नोबेल व्याख्यानातच दिला होता.

कायदा : औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनुसार एच, एच-१ व एक्स या अनुसूचींतील औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीतील औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही दुकानदाराने तीन वर्षे जपायची असते. चिठ्ठीची गरज असलेल्या औषधांच्या वेष्टनावरील लाल उभी रेघ ओळखता यावी म्हणून केंद्र शासनाने २०१६ मध्ये जनजागृती मोहीम सुरू केली. प्रत्यक्षात अशी औषधे चिठ्ठीविना मिळतात, आणि सवय टिकून राहण्याचे ते एक मोठे कारण आहे.

नोंद व दक्षता : नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधकोश आयोगाने मेफेनॅमिक आम्लामुळे होऊ शकणाऱ्या, पुरळ, ताप व अंतर्गत अवयवांवर परिणाम अशी लक्षणे असलेल्या गंभीर प्रतिक्रियेबाबत सूचना काढली. औषधाचा दुष्परिणाम जाणवल्यास रुग्णाला स्वतः आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर तो नोंदवता येतो.