उर्दायबाय : खाडी आणि संग्रहालय

धरण, खाण किंवा कारखाना यांच्याविरुद्ध कवी-कलावंत उभे राहिल्याची उदाहरणे भारतीय वाचकास अपरिचित नाहीत. केरळातील सायलेंट व्हॅलीच्या जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध सुगतकुमारी आणि अन्य मल्याळी कवींनी आवाज उठविला. १९८३ मध्ये तो प्रकल्प सोडून देण्यात आला आणि १९८४ मध्ये ते अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. परंतु जो प्रकल्प कलेच्याच नावाने येतो, त्याला कलावंतांनी विरोध करावा, हा प्रसंग विरळा. स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रदेशात, उर्दायबायच्या खाडीकाठी, असा प्रसंग घडला.

ओका नदी गेर्निका शहरावरून वाहत जाऊन समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी भरती-ओहोटीच्या खेळातून खाजणे, वाळूचे दांडे आणि चिखलाची मैदाने तयार झाली आहेत. युरोपच्या उत्तरेकडून आफ्रिकेकडे जाणारे दर्वीमुखासारखे पाणपक्षी येथे विसावा घेतात. सुमारे २२० चौरस किलोमीटरच्या या प्रदेशास युनेस्कोने १९८४ मध्ये जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आणि १९८९ मध्ये बास्क विधिमंडळाने त्याच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. २६ एप्रिल १९३७ रोजी बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झालेले आणि पिकासोच्या चित्रामुळे जगाच्या स्मरणात राहिलेले गेर्निका ते हेच.

या खोऱ्याला कलेची ओळख नव्याने करून देण्याची आवश्यकता नव्हती. सान्तिमामिन्ये गुहेतील गवे आणि घोडे अश्मयुगीन माणसाने रेखाटले आहेत. १९१६ मध्ये ही चित्रे उजेडात आली. पुढे माणसांच्या वर्दळीने त्यांस इजा पोहोचू लागल्यामुळे चित्रांचे दालन प्रेक्षकांसाठी बंद करावे लागले. गुहेपासून जवळच ओमा येथे अगुस्तीन इबार्रोला या चित्रकाराने १९८० च्या दशकात उभ्या पाइन वृक्षांच्या खोडांवर रंगरेषा काढल्या. विशिष्ट ठिकाणी उभे राहिले की वेगवेगळ्या झाडांवरील तुकडे जुळून एक आकृती पूर्ण होते. ते वृक्ष रोगाने ग्रासले, तेव्हा शेजारच्या वनात ही चित्ररचना पुन्हा साकारण्यात आली. २०२३ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. त्याच वर्षी इबार्रोला यांचे निधन झाले. एका ठिकाणी कला टिकावी म्हणून माणसाला दूर ठेवावे लागले; दुसऱ्या ठिकाणी कलेचे आयुष्य झाडाच्या आयुष्याशी बांधलेले होते.

संग्रहालयाची योजना मात्र बिल्बाओच्या अनुभवातून जन्मली. पोलाद आणि जहाजबांधणी यांच्या ऱ्हासाने खंगलेल्या त्या शहरात, नेर्व्हियोन नदीच्या काठी, फ्रँक गेरी यांनी रचलेले गुगेनहाइम संग्रहालय १९९७ मध्ये उघडले आणि शहराचे दैव पालटले. त्याही वेळी विरोध झाला होता. शिल्पकार होर्हे ओतेइसा हे त्याचे कठोर टीकाकार होते. बास्क जनतेच्या पैशातून अमेरिकन संस्थेची शाखा उभारावी की येथील कलेला बळ द्यावे, असा त्या वादाचा गाभा होता. यशाच्या झगमगाटात तो प्रश्न मागे पडला, सुटला नाही.

२००८ मध्ये बिस्काया प्रांताच्या शासनाने उर्दायबायमध्ये या संग्रहालयाचा विस्तार करण्याचा मानस प्रकट केला. आर्थिक मंदीत तो बारगळला आणि २०२२ मध्ये पुन्हा पुढे आला. गेर्निकातील काटे-चमचे बनविण्याच्या जुन्या कारखान्याच्या जागी एक इमारत, मुरुएता येथील गोदीच्या जागी दुसरी आणि दोहोंना जोडणारी पायवाट, असे तिचे स्वरूप होते. वर्षाला १,४०,००० प्रेक्षक येतील, असा अंदाज होता. तेथील किनाऱ्यालगतचा संरक्षित पट्टा १०० मीटरवरून २० मीटरवर आणण्याच्या निर्णयाने संशय अधिकच वाढला. खाडीचा तोल किती नाजूक आहे, हे लोकांनी पूर्वी पाहिले होते. २००३ मध्ये गाळ उपसल्यानंतर मुंडाका येथील प्रख्यात लाट विस्कटली आणि २००५ मधील लाटांवरील स्पर्धा रद्द करावी लागली होती.

योजनेच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. कारखाने मिटत चालले होते, तरुणांना काम हवे होते आणि गोदीची जमीन प्रदूषणमुक्त करणे खर्चाचे होते. बिल्बाओला जे तारून गेले ते आपल्यालाही तारील, ही आशा स्वाभाविक होती. परंतु बिल्बाओत संग्रहालय उभे राहिले ते उद्योगाच्या अवशेषांवर. येथे गोदीच्या कुंपणाबाहेर जिवंत खाजण होते. पर्यावरणवादी आणि गावकरी यांच्यासोबत कलाक्षेत्रातील मंडळीही विरोधात उतरली. ऑक्टोबर २०२४ मध्ये गेर्निकाच्या रस्त्यांवर हजारो लोक निघाले. डिसेंबर २०२५ मध्ये संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळाने ही योजना सोडून दिली.

या घटनेत कलावंतांच्या भूमिकेस वेगळे मोल आहे. कवी धरणाला विरोध करतो, तेव्हा त्याच्या उपजीविकेवर सहसा आच येत नाही. चित्रकार वा शिल्पकार संग्रहालयाला विरोध करतो, तेव्हा तो आपल्या संभाव्य आश्रयदात्यालाच नकार देत असतो. कलेचे नाव पुढे केले की कोणतीही जागा मागता येते, हा समज त्या नकाराने अमान्य केला. बेरोजगारीचा प्रश्न त्यामुळे मिटला नाही. गोदीची जमीन आणि गेर्निकाच्या तरुणांचे भवितव्य यांचा विचार आता संग्रहालयाविना करावा लागणार आहे. योजना रद्द होण्याने खाडीला अवधी मिळाला आहे. त्या अवधीचा उपयोग कसा होतो, यावर या विरोधाचे अंतिम मूल्यमापन अवलंबून राहील.