जपानी रुपया

दुसऱ्या महायुद्धात जपानने जिंकलेल्या मुलखांत ज्या नोटा चालवल्या, त्यांतली ब्रह्मदेशातली नोट भारतीय संग्राहकाला सर्वांत जवळची वाटते, कारण तिच्यावरची रक्कम रुपयांत आहे. जपानी फौजा 8 मार्च 1942 रोजी रंगूनमध्ये शिरल्या. त्याआधी 15 फेब्रुवारीला सिंगापूर पडले होते. जपानचे धोरण असे होते की प्रत्येक देशात लोकांना ओळखीचे असलेले एकक ठेवायचे आणि कागद मात्र आपला छापायचा. म्हणून मलायात डॉलर, फिलिपिन्समध्ये पेसो, डच ईस्ट इंडीजमध्ये गिल्डर आणि ब्रह्मदेशात रुपया आला. ब्रह्मदेश 1937 मध्ये हिंदुस्थानपासून वेगळा झाला, तरी तिथले चलन रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाच सांभाळत होती, त्यामुळे रुपया तिथे आधीच रुळलेला होता.

या नोटांवर कोणत्याही बँकेचे नाव नाही आणि अधिकाऱ्याची सही नाही. ब्रह्मदेश आणि मलायाच्या अनेक नोटांवर वर इंग्रजीत जपान सरकारचे नाव, खाली धारकाला मागताक्षणी रक्कम देण्याचे वचन आणि जपानी लिपीतली सरकारची मुद्रा, एवढाच मजकूर असतो. ब्रह्मदेशी रुपयांच्या नोटांवर पगानच्या आनंद मंदिराचे चित्र आहे. मलायातल्या 10 डॉलरच्या नोटेवर केळीचे झाड होते, म्हणून तिथे या चलनाला ‘केळीच्या नोटा’ हेच नाव पडले. नोट कुठली हे ओळखायला संग्राहक तिच्यावर छापलेली, छपाईच्या गटाची अक्षरे पाहतो. पहिले अक्षर बी असेल तर ब्रह्मदेश, एम असेल तर मलाया, पी असेल तर फिलिपिन्स. मलायातल्या सुरुवातीच्या मोठ्या नोटांवर अनुक्रमांक होते. पुढे ते गेले आणि नुसती गटाची अक्षरे उरली. किती नोटा छापल्या याचा हिशेब द्यायचा नसेल, तर नोटेला क्रमांक लागतच नाही. चलन कसे खचते ते या एका बदलात स्वच्छ दिसते.

वस्तू कमी आणि नोटा अमाप, म्हणून भाव चढत गेले. 1 ऑगस्ट 1943 रोजी जपानच्या छायेखाली ब्रह्मदेश ‘स्वतंत्र’ जाहीर झाला आणि पुढे तिथल्या राज्य बँकेच्या, मोराचे चित्र असलेल्या नोटा आल्या. त्यांनी दिलासा मिळाला नाही. 5 एप्रिल 1944 रोजी रंगूनमध्येच आझाद हिंद बँक उघडली, तीही याच चलनाच्या बाजारात. मे 1945 मध्ये ब्रिटिशांनी रंगून परत घेतले, जपानी चलन रद्दबातल ठरले आणि नोटा रस्त्यांवर विखुरल्या. त्यांच्या जागी ब्रह्मदेशाच्या लष्करी प्रशासनाचा शिक्का मारलेल्या भारतीय नोटा आल्या. त्या फक्त ब्रह्मदेशातच चालत. ज्यांनी तीन वर्षांची कमाई जपानी नोटांत साठवली होती, त्यांच्या हाती नुसता कागद उरला.

इकडे, आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरच्या बाजारात मात्र ही नोट चलन म्हणून आली नाही. मंगरूळ तालुका तेव्हा वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यात होता. वाशीम जिल्हा 1905 मध्येच मोडला गेला होता आणि तो पुन्हा झाला तो 1998 मध्ये. युद्ध या भागात पोचले ते दुसऱ्या वाटांनी. चांदी वाचवण्यासाठी 1940 मध्ये एक रुपयाची कागदी नोट आली, त्याच वर्षी नाण्यातली चांदी निम्म्यावर आणली गेली, 1943 मध्ये दोन रुपयांची नोट निघाली आणि तांबे वाचवायला मधोमध भोक पाडलेला पैसा आला. त्या भोकाच्या पैशाची आठवण आजही जुन्या घरांत निघते. नोटेची किंमत सरकारच्या हद्दीइतकीच असते, हे मात्र या मुलखाला शिकवावे लागत नव्हते. पैनगंगा ओलांडून हिंगोलीकडे गेले की निजामाचे राज्य लागे. तिकडे निजामाचा हाली सिक्का आणि इकडे ब्रिटिशांचा कलदार रुपया. सात हाली रुपयांना साधारण सहा कलदार, असा हिशेब व्यापाऱ्यांना तोंडपाठ असे.

जपानी नोटा महाराष्ट्रात आल्या त्या मुख्यतः सैनिकांच्या ट्रंकांतून. पाचव्या मराठा पलटणीची चौथी बटालियन मार्च 1944 मध्ये इंफाळजवळ सांगशाक येथे जपान्यांशी लढली. खडकीचे बॉम्बे सॅपर्सही ब्रह्मदेशच्या मोहिमेत होते. परतणाऱ्या जवानाने मागे ठेवलेली नोट म्हणजे युद्धाची खूण, कुटुंबापलीकडे तिला काही किंमत नव्हती. आजही संग्राहकांच्या बाजारात ब्रह्मदेशच्या एक, पाच, दहा रुपयांच्या साध्या नोटा स्वस्त मिळतात, कारण त्या अफाट छापल्या गेल्या. नव्या संग्राहकाने इथून सुरुवात करावी हे योग्यच. कमी पैशांत कागद, छपाई आणि अक्षरगट नीट पाहायला मिळतात. भाव वाढतो तो अनुक्रमांकाच्या नोटांना आणि न वापरलेल्या, कोऱ्या नोटांना. मागाहून मारलेले शिक्के मात्र संशयानेच पाहावेत. त्यांतले काही खरे आहेत. फिलिपिन्समधल्या नोटांवर अमेरिकेने जपानी वचनांची खिल्ली उडवणारा मजकूर छापून त्या विमानांतून टाकल्या होत्या. युद्धानंतर तिथल्या नोटधारकांनी संघटना करून भरपाईची मागणीही केली, पण ती मान्य झाली नाही. आझाद हिंद बँकेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या नोटांत नकली फार, म्हणून तिथे घाईने पैसे घालू नयेत.

पाहायचे असेल तर मुंबईतल्या फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे. भारतीय कागदी चलनाचा क्रम रिझर्व्ह बँकेच्या संग्रहालयात नीट समजतो. त्या क्रमात जपानी रुपयाची जागा कुठे, हे मग आपसूक कळते.

घरच्या ट्रंकेत अशी नोट सापडली तर तिला इस्त्री करू नये, चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करू नये. आम्लरहित कागदाच्या पाकिटात ती सपाट ठेवावी आणि पाकिटावर पेन्सिलीने लिहावे: ही कोणी आणली, कुठून, कोणत्या पलटणीतून, कोणत्या साली. बाजारात ती नोट दुसरी मिळेल. हे चार तपशील सांगणारे माणूस घरात आहे तोवरच ते लिहून घ्यावेत.