बिअरचे यीस्ट : साठवण व पुनर्वापर

बिअर आंबून झाली की भांड्याच्या तळाशी साईच्या रंगाचा दाट गाळ बसतो. त्यातले यीस्ट जिवंत असते. ते थंडाव्यात जपून पुढच्या खेपेला विरजणासारखे लावण्याची ही पद्धत. एल जातीच्या बिअरला सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, तर लागरला सॅकरोमायसिस पास्टोरियानस लागते. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन याने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले. तोवर गाळावर गाळ चाले आणि त्याबरोबर जंगली यीस्टही.

घरी बिअर करण्यावरचे निर्बंध ब्रिटनमध्ये 1963 साली उठले, अमेरिकेत 1978 च्या कायद्याने. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय दारू बनवणे हा गुन्हा आहे आणि त्यातून घरची बिअर सुटत नाही. त्यामुळे नवी मुंबईतल्या तळवली-घणसोलीच्या रहिवाशाला ही विद्या वाचण्यापुरतीच. प्रत्यक्षात ती परवानाधारक मायक्रोब्रुअरीत चालते. राज्यातली अशी पहिली मायक्रोब्रुअरी, डूलाली, 2009 मध्ये पुण्यात सुरू झाली. किनाऱ्यावर जिवंत यीस्टची ओळख मात्र माडी-ताडीमुळे जुनीच. वसई-ठाण्याकडचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती फुग्यांच्या पिठात ताडी घालत, तर गोव्यात पाव आणि सान्नां सुरेवर, म्हणजे माडीवर, फुगत.

बिअर काढून घेतल्यावर गाळावर थोडी बिअर राहू देतात, भांडे गोल फिरवून गाळ मोकळा करतात आणि निर्जंतुक बरणीत ओततात. उकळून गार केलेल्या पाण्याने गाळ धुण्याची चाल आहे : पंधरा-वीस मिनिटांत हॉप्सचा चोथा खाली बसतो आणि वरचे दुधाळ पाणी तेवढे घेतात. हे धुणे नाहक डोक्यावर घेतले गेले आहे. बिअरमधला अल्कोहोल व आम्लता जंतूंना रोखतात. साध्या पाण्यात ते संरक्षण जाते. झाकण घट्ट लावू नये, कारण फ्रिजमध्येही कार्बन डायऑक्साइड निघत राहतो आणि काचेची बरणी फुटू शकते.

साठवणीचे तापमान 1 ते 4 अंश सेल्सिअस. नवी मुंबईच्या तिशीतल्या उन्हाळ्यात बरणी बाहेर राहिली तर पेशी आपला ग्लायकोजेनचा साठा संपवतात, मरतात आणि स्वतःच विरघळू लागतात. मग जळक्या रबरासारखा वास येतो. असा गाळ सरळ फेकावा. थंडीत ठेवलेला गाळ दोन आठवड्यांच्या आत वापरलेला बरा. महिना उलटला असेल तर आधी पातळ वॉर्टमध्ये (न आंबवलेल्या माल्टच्या गोड काढ्यात) थोडे यीस्ट वाढवून घेतात. मेथिलीन ब्लू टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत बिनरंगी राहतात.

12 अंश प्लेटोच्या (प्लेटो हे वॉर्टमधल्या साखरेचे माप) 20 लिटर एल वॉर्टला सुमारे 18,000 कोटी पेशी लागतात, म्हणजे ताज्या दाट गाळाचे साधारण 150 ते 250 मिलिलिटर. लागरला त्याच्या दुप्पट. एकच यीस्ट सहसा पाच ते दहा पिढ्या, म्हणजे तितक्या खेपा, चालवतात. फार कडक बिअरमधले यीस्ट अल्कोहोलने थकलेले असते, ते पुढे नेऊ नये. जिवाणूंचा संशय आल्यास मोठ्या कारखान्यांत थंड फॉस्फोरिक आम्लाने, पीएच 2 च्या आसपास आणून, गाळ धुतात. यात जिवाणू मरतात, पण जंगली यीस्ट तगते.

वर्षानुवर्षे टिकवायचे तर गाळ कामाचा नाही. अगारवरचे यीस्ट 4 अंशांना काही महिने राहते. त्यापुढे ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंशांवर किंवा गोठवून वाळवून ठेवावे लागते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रह हेच काम करतो.

पिढ्या संपलेले यीस्ट पशुखाद्यात जाते. मात्र आधी तापवून मारलेले, नाहीतर जनावराच्या पोटात आंबणे चालू राहून पोट फुगते.