उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार आणि पर्यावरणवाद्यांचा विरोध

आंतरराष्ट्रीय व्यापार-करारांचा इतिहास हा दीर्घकाळ मुख्यतः जकातीच्या दरांचा इतिहास होता. कारखानदार, शेतकरी आणि कामगारसंघ हे त्या वादातील प्रमुख पक्ष असत. १९९० नंतर मात्र अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत निसर्गसंरक्षक संस्थांच्या रूपाने एक नवा पक्ष या वादात उतरला. या संस्थांचा मुख्य आक्षेप स्वस्त आयातीवर नव्हता. निसर्गरक्षणार्थ केलेला कायदा व्यापाराच्या नियमांपुढे टिकेल काय, हा त्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नास निमित्त झाले ते ट्यूना माशांचे. पूर्व पॅसिफिक महासागरात ट्यूना पुष्कळदा डॉल्फिनांच्या कळपाखालून पोहतात. त्यामुळे ट्यूनासाठी टाकलेल्या जाळ्यांत डॉल्फिनही सापडून मरत. १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यान्वये अमेरिकेने मेक्सिकोच्या ट्यूनावर बंदी घातली, तेव्हा मेक्सिकोने ‘गॅट’कडे दाद मागितली. मासा कोणत्या रीतीने पकडला एवढ्यावरून त्याची आयात अडविता येणार नाही, असा निर्णय पंचमंडळाने १९९१ मध्ये दिला. मोठ्या बाजारपेठेच्या बळावर एका देशाने आपला कायदा दुसऱ्यावर लादू नये, हे मेक्सिकोचे म्हणणे निराधार नव्हते. हा अहवाल विधिपूर्वक स्वीकारला गेला नाही. परंतु त्याच वर्षी अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांच्यात मुक्त व्यापाराची बोलणी सुरू झाल्याने त्याचे पडसाद दूरवर उमटले.

करारावर १७ डिसेंबर १९९२ रोजी सह्या झाल्या. पर्यावरणावरील परिणामांचे निवेदन प्रसिद्ध करावे, या मागणीसाठी सिएरा क्लब, फ्रेंड्स ऑफ द अर्थ आणि पब्लिक सिटिझन या संस्थांनी न्यायालयात धाव घेतली. जून १९९३ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने ती मान्य केली. परंतु करार काँग्रेसपुढे ठेवणे हे राष्ट्राध्यक्षांचे कृत्य असल्याने संबंधित कायदा त्यास लागू होत नाही, असे ठरवून अपील न्यायालयाने सप्टेंबरमध्ये तो निर्णय फिरविला. दरम्यान, चळवळीतच फूट पडली होती. नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशन, ऑडुबॉन सोसायटी आदी संस्थांनी पूरक पर्यावरण करारावर विश्वास ठेवून पाठिंबा दिला, तर सिएरा क्लब व ग्रीनपीस विरोधात राहिले. १७ नोव्हेंबर रोजी प्रतिनिधिगृहाने २३४ विरुद्ध २०० मतांनी विधेयक संमत केले आणि १ जानेवारी १९९४ रोजी करार अमलात आला.

कोणाचा अंदाज खरा ठरला, हे दोन प्रकरणांवरून पडताळता येते. मेक्सिकोतील कोझुमेल बेटाजवळील प्रवाळभित्तींना नव्या धक्क्यामुळे धोका आहे, अशी तक्रार तेथील संस्थांनी १९९६ मध्ये पूरक करारान्वये स्थापन झालेल्या आयोगाकडे केली. १९९७ मध्ये आयोगाने वस्तुस्थितीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यापलीकडे काही करण्याचा अधिकार त्यास नव्हता. याउलट, ग्वादालकासार नगरपालिकेने घातक कचऱ्याच्या जागेस परवाना नाकारला, तेव्हा मेटलक्लॅड ही अमेरिकी कंपनी मुख्य कराराच्या अकराव्या प्रकरणान्वये लवादाकडे गेली. मेक्सिकोच्या केंद्र सरकारने पूर्वी दिलेले परवाने कंपनीपाशी होते. लवादाने २००० साली तिला १ कोटी ६६ लाख ८५ हजार डॉलर भरपाई मंजूर केली. पुढील वर्षी कॅनडातील न्यायालयाने निवाड्याचा काही भाग रद्द केला, तरी भरपाईचा मोठा हिस्सा कायम राहिला. नागरिकाच्या तक्रारीची परिणती अहवालात होई, गुंतवणूकदाराच्या तक्रारीची बंधनकारक निवाड्यात. ही विषमता कराराच्या रचनेतच होती.

नव्या करारांसाठी सरकारला हवा असलेला शीघ्र संमतीचा अधिकार प्रतिनिधिगृहाने १९९८ मध्ये नाकारला, त्यास कामगारसंघांइतकाच नसला तरी पर्यावरणवाद्यांचा विरोधही कारणीभूत होता. १ जुलै २०२० रोजी जुन्या कराराची जागा नव्याने घेतली. त्यात पर्यावरणाचे प्रकरण मुख्य संहितेत आले. अमेरिका व कॅनडा यांच्यामधील गुंतवणूकदारांच्या लवादाची तरतूद संपुष्टात आणण्यात आली आणि मेक्सिकोपुरती ती संकुचित झाली. १९९३ चा विरोध करार रोखण्यात अयशस्वी ठरला, हे खरे. तथापि त्याने दाखविलेला रचनेतील दोष सत्तावीस वर्षांनी करार करणाऱ्यांनाच अंशतः दुरुस्त करावा लागला, हेही तितकेच खरे आहे.