बर्फावरची चूल

एरवी कारखान्याच्या दारांत उभे राहून भाकरीविषयी बोलणारे आम्ही आज ग्रीनलंडच्या बर्फावर कोठून निघालो, असे आपणांस वाटेल. पण तेथेही प्रश्न भाकरीचाच होता. आणि भाकरीहून अधिक चुलीचा होता.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये फ्रिट्जॉफ नान्सेन हा सव्वीस वर्षांचा नॉर्वेजियन तरुण पाच सोबती घेऊन ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेकडे निघाला. मनुष्यवस्ती बहुतेक सारी पश्चिमेस. तेव्हा मागे फिरण्याची सोय नव्हती. पाचांपैकी सामुएल बाल्टो व ओले रावना हे दोघे उत्तरेकडील सामी लोकांतले, मोलाने आलेले. नान्सेनने तरुण व अविवाहित माणसे मागितली होती; रावना निघाला पंचेचाळिशीचा, पाच मुलांचा बाप! अशा मोहिमांच्या हकीकतींत आम्ही सवयीने मजुरांची नावे आधी शोधतो, म्हणून ही दोन आमच्या ध्यानात राहिली.

माणशी सुमारे शंभर किलोंचे ओझे गाड्यांवर घालून ही मंडळी चढत गेली ती सुमारे २,७०० मीटरपर्यंत, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही हजार मीटर वर. रात्री पारा शून्याखाली चाळीस अंशांच्या पलीकडे जाई. चहूंकडे गोठलेले पाणी, आणि माणसे मात्र तहानेने व्याकुळ. हे कोडे नव्हे, साधा हिशेब आहे. उणे चाळीस अंशांचे एक ग्रॅम बर्फ शून्यापर्यंत आणण्यास वीस कॅलरी उष्णता लागते, ते वितळविण्यास ऐंशी. म्हणजे नुसते थंडगार पाणी हाती येईपर्यंत शंभर कॅलरी खर्ची पडल्या. त्या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या सुमारास उकळते, त्याला आणखी ९१. निम्म्याहून अधिक जळण केवळ पाणी होण्यातच गेले! शिवाय जळण म्हणून जवळ होते ते स्पिरिट, तेही पाठीमागे ओढून आणलेले. म्हणून नान्सेनने भांड्यावर भांडे बसविले होते. खालच्यात शिजे, आणि वाया जाणाऱ्या उष्णतेवर वरच्यात बर्फ वितळे. दिवसा सपाट बाटल्यांत बर्फ भरून त्या छातीशी धरीत व अंगाच्या उबेने घोटभर पाणी मिळवीत.

दुसरी उणीव स्निग्धाची. पेमिकन म्हणजे वाळविलेले मांस कुटून त्यात चरबी मिसळलेले अन्न. कोपनहेगनहून आलेल्या पेमिकनात चरबीच नव्हती. हे उशिरा कळले, आणि नान्सेनने ते आपल्या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले आहे. पोट भरले तरी भूक राही. आठवड्याचे लोणी हाती पडताच मंडळी ते नुसतेच खात. बुटांना लावावयाचे तेल खाल्ले तर चालेल काय, असे ऑटो स्वेर्डरुपने विचारले होते! शिधा पुढाऱ्यालाही तोच होता, ही गोष्ट आम्ही नान्सेनच्या बाजूने नोंदतो. आमच्या अनुभवात हे नित्य घडत नाही.

सप्टेंबरअखेर ते पश्चिम किनाऱ्यावर उतरले. वर्षातले शेवटचे जहाज गाठता आले नाही, म्हणून सर्वांनी हिवाळा तेथेच काढला. रावनाची पाच मुले १८८९ च्या वसंतापर्यंत बापाची वाट पाहत राहिली.

पुढे १८९२ मध्ये स्टॉकहोम येथे फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट ह्या कारखान्यातील कारागिराने बिनवातीचा स्टो बाजारात आणला. हवेच्या दाबाने घासलेट वर चढते, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती काजळी न धरता निळ्या ज्योतीने जळते. नाव प्रायमस. १८९५ च्या मार्चमध्ये नान्सेन व यालमार योहान्सेन उत्तर ध्रुवाच्या रोखाने निघाले, तेव्हा हाच स्टो त्यांच्या बरोबर होता.

आपल्याकडे तो चाळीतल्या मोरीशेजारी येऊन बसला. आमच्या लहानपणी पहिल्या पाळीच्या आधी खोल्याखोल्यांतून त्याची फरफर ऐकू येई. छिद्रात कचरा अडकला आणि पिन सापडली नाही, की घरचा माणूस चहावाचूनच पाळीवर जाई. म्हणून आमची आई ती पिन देवळीत, देवाच्या मागे ठेवीत असे.